शेंगदाण्यांच्या ताटलीतली पिन

आ-हाय हा फांगल्याओच्या बंदरगल्लीतला सगळ्यात भित्रा माणूस, आणि त्याचं गॅरेज चालायचं ते त्या भित्रेपणावरच. आपल्याला नट दिसतो. आ-हायला तो नट निखळलेला, चाक सुटून समुद्राच्या बाजूला गडगडत गेलेलं आणि डांबरावर कुणाची तरी एकच चप्पल पडलेली दिसायची. म्हणून तो प्रत्येक नट दोनदा आवळायचा, आणि गाडी ताब्यात दिल्यावरही ती वळणाआड जाईपर्यंत दारात उभा राहायचा. लोक हसायचे, पण बायकोपोरांना बसवायची गाडी त्याच्याकडेच आणायचे.

त्याची एक सवय गल्लीला पाठ होती. काम हातात घेतलं की ते पुरं होईपर्यंत तो हात धुवायचा नाही. फोन वाजला तर दोन मनगटांत धरून उचलायचा, आणि जेवण आलं तर ते तसंच गार व्हायचं. शेवटचा नट बसला की मागच्या नळावर जाऊन भाताच्या कोंड्याने कोपरापर्यंत हात घासायचा आणि मगच चहाला बसायचा. तीस वर्षांत एका कामाला त्याने दोनदा हात धुतले नव्हते. गिऱ्हाईकसुद्धा गाडी झाली का म्हणून विचारत नसे. दारातूनच ओरडे, "मिस्त्री, हात धुतले का?"

त्याच्या मुलीने, पेइ-त्सेनने, जुनी मोटारसायकल घ्यायची ठरवली तेव्हापासून त्या भित्रेपणाला घरचंच काम मिळालं. पेइ-त्सेन चार वर्षांची असताना तिची आई तापाने गेली. तेव्हापासून घरात तो, त्याची म्हातारी आई आणि ही पोर. पोर आता नर्स झाली होती, आणि नेमणूक मिळाली डोंगरापलीकडच्या ताऊ गावच्या दवाखान्यात. म्हणजे आधी समुद्राकाठचा सरळ रस्ता फेंगकांग फाट्यापर्यंत, मग शौखाचा घाट चढायचा, आणि मग पलीकडे उतार. तो उतार आ-हायला डोळे मिटले तरी दिसायचा, आणि म्हणून तो हल्ली डोळे मिटायला धजत नव्हता.

गाडी मिळाली ती फेंगकांग फाट्यावर कांदे आणि खारवलेली अंडी विकणाऱ्या आ-थ्यामची. एकशे पंचवीसची, गिअरवाली, इंजिन खणखणीत. बाकी सगळा आनंदच. साखळीला वंगण म्हणून तळणीचं तेल घातलेलं, त्यात शेंगदाण्याची टरफलं अडकलेली. टाकीला भोक पडलं होतं, ते कपड्याच्या साबणाने बुजवलेलं. मागचा लाल दिवा फुटला म्हणून त्यावर लाल प्लास्टिकचा पेला उलटा बांधलेला. हवेच्या जाळीच्या जागी बायकोचा जुना पायमोजा. आणि मागच्या ब्रेकच्या नटात, तो सुटू नये म्हणून, पिन असायला हवी, तिथे एक गंजका खिळा वाकवून घातलेला.

"हे काय आहे?" आ-हायने खिळ्यावर बोट ठेवून विचारलं होतं.

"खिळा आहे."

"ते दिसतंय मला. पिन कुठंय?"

"पडली असेल कुठेतरी. खिळा आहे ना? तीन वर्षं आहे. काय बिघडतंय!"

काय बिघडतंय, हे आ-थ्यामचं पालुपद. साबण लावला, काय बिघडतंय. पेला बांधला, काय बिघडतंय. गाडीत न बिघडलेलं असं काही उरलंच नव्हतं, आणि हा गडी दात कोरत हसत होता. असा माणूस जगतो कसा, याचं आ-हायला आश्चर्य वाटलं आणि रागही आला.

गाडी घरी आली ती सातवा महिना लागायच्या आदल्या दिवशी. पंचांगातला सातवा महिना मेलेल्यांचा, त्यात नवी गाडी कुणी दारात आणत नाही, म्हणून घाई. मग आ-हायने ती नटाबोल्टापर्यंत सुटी केली आणि पंधरा दिवस दुसरं काम घेतलं नाही. गाडी घासावी, पुसावी, बसवावी आणि रोज नवी भीती शोधून काढावी. चाकाचे आरे मोजले, तीन कमी निघाले. ब्रेकच्या तारेला मध्ये गाठ निघाली. प्रत्येक ठिकाणी त्याला आ-थ्याम दात कोरताना दिसायचा, आणि तो पुटपुटायचा, "माणूस आहे की हैवान? दुसऱ्याच्या पोरीने बसायचं या गाडीवर!"

त्याची आई, म्हणजे पेइ-त्सेनची आमा, उंबऱ्यावर बसून त्याच्याकडे बघत असे. ती वेगळ्याच गोष्टीला भ्यायलेली होती.

"पुढच्या महिन्यात जाऊ दे तिला. दार उघडं आहे सध्या. रस्ते भरलेत."

"हुकूम सोळा तारखेचा आहे आई. आपल्या पंचांगातली सोळा."

"दवाखानेवाल्यांना महिना कळत नाही का?"

दार उघडं आहे म्हणजे कुठलं, आणि रस्ते कुणी भरलेत, हे त्या किनाऱ्यावर कुणी विचारत नाही. त्यांना भूत म्हणत नाहीत, भाऊबंद म्हणतात. आणि त्या घरात तर महिनाभर कुणी कुणाचं नावसुद्धा घेत नसे. बाकीचे लोक रात्री तेवढं पाळतात. हे दिवसाढवळ्याही पाळायचे. त्याला कारण होतं. आ-हायचा धाकटा भाऊ आठ वर्षांचा असताना समुद्रात गेला, तो सातव्याच महिन्यात. तिन्हीसांजेला किनाऱ्यावर खेळत होता. आईनेच त्याला जेवायला ये म्हणून तीनदा पूर्ण नावाने हाक मारली होती. पोर जेवायला आलं नाही. त्याच्या आधी ते नाव दुसऱ्या कुणीतरी ऐकलं, अशी म्हातारीची खात्री होती. तेव्हापासून हा महिना लागला की पेइ-त्सेनची 'पोरी' व्हायची आणि आ-हायचा 'अरे'.

पंधराव्या तिथीला, म्हणजे या भाऊबंदांना दारात जेवू घालायच्या दिवशी, दुपारी सुट्या भागांच्या दुकानातून हव्या त्या मापाची पिन आली. गाडी तयार होती, आदल्या दिवशी तिने दोन फेऱ्याही मारल्या होत्या. एक खिळाच तेवढा उरला होता, आणि त्या खिळ्याने आ-हायची झोप उडवली होती. मागचा ब्रेक जागेवर धरून ठेवणारा हातभर लांबीचा एक दांडा असतो. त्याचा नट सुटला, दांडा निखळला, की चालवणाऱ्याला काही कळत नाही. गाडी चालत राहते. ज्या क्षणी ब्रेक जोरात दाबावा, त्या क्षणी तो चाकाबरोबर फिरतो आणि चाक बांधून घातल्यासारखं जागच्या जागी थांबतं. सपाटीवर एखाद वेळेस निभावेल. उतारावर नाही.

त्याने खिळा उपटून गटारात फेकला. नट काढून पुसला, पुन्हा चढवला, बोटांनी फिरवत बसवला. पिन ओठात धरली. पान्याला हात घालणार, तोच आईची हाक आली.

"अरे, ऊठ! सगळी गल्ली उभी राहिली. पाहुणे खोळंबलेत."

दारापुढे टेबल मांडलं होतं. त्यावर फळं, मासा, शेंगदाण्याच्या ताटल्या, तांदळाची दारू. पाहुण्यांना हातपाय धुवायला पाण्याचं घमेलं आणि नवा टॉवेल. प्रत्येक ताटलीत उदबत्ती खोचायची, आणि ती घरच्या पुरुषाने खोचायची. ग्रीसच्या हातांनी उदबत्ती धरून कसं चालेल? आ-हाय मागच्या नळावर गेला आणि कोंड्याने कोपरापर्यंत हात घासले.

मग उदबत्त्या झाल्या, नमस्कार झाले, पाहुण्यांच्या खर्चाच्या कागदी नोटा जाळून झाल्या. राख उडून डोळ्यांत गेली. शेजारी बसले, त्याने चहा ओतला. पेइ-त्सेन बॅग भरून बाहेर आली आणि हसत म्हणाली, "काय बाबा, हात धुतले का?"

आ-हायने आपल्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ होते.

"धुतले," तो म्हणाला.

आपल्याकडे हात धुऊन मोकळं होणं म्हणतात ते असं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला ती निघाली. हेल्मेटची सक्ती नुकतीच आली होती, तिने नवंकोरं, कान झाकणारं हेल्मेट घातलं. आमाने मंदिरातला ताईत हँडलला तीन गाठी मारून बांधला. आ-हायने हवा पाहिली, तेल पाहिलं, पुढचा ब्रेक दाबून पाहिला, मागचा दाबून पाहिला. जागच्या जागी उभ्या गाडीचा ब्रेक काय, लागतोच. मग ती निघाली आणि तो नेहमीसारखा दारात उभा राहिला.

मागे आमा कालच्या ताटल्या आवरत होती. पाहुणे जेवून गेले की उरलेलं घरच्यांनी खायचं असतं. तिने शेंगदाण्याची मूठ भरली, आणि तळहात पुढे केला.

"अरे, हे काय? हे कुणी ठेवलं ताटात?"

शेंगदाण्यांत एक नवी, चकचकीत पिन होती.

आ-हायचा हात ओठांकडे गेला. काल पिन ओठात होती. नमस्काराला तोंड मोकळं हवं म्हणून त्याने ती काढून समोर ठेवली होती. समोर ताटली होती. ताटलीत त्याने स्वतःच्या हाताने उदबत्ती खोचली होती, आणि या, घ्या, पोटभर घ्या, असं म्हटलं होतं. आणि नट? नटाला पाना लागलाच नव्हता. बोटांनी फिरवलेला नट, बिनपिनेचा.

"तिच्या गाडीतलं आहे," तो म्हणाला.

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. "त्यांना वाढलंस? पोरीचं त्यांना वाढलंस?"

पेइ-त्सेन अजून दिसत होती. गल्लीच्या तोंडाशी सिग्नल लाल होता. ती एक पाय टेकवून उभी होती, पन्नास पावलांवर. नुसतं नाव घ्यायचं होतं. आ-हायने छाती भरून श्वास घेतला, आणि आईने त्याचा दंड धरला. म्हातारीच्या हातात एवढी ताकद असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"नाव नको! आज नको! सगळे इथंच आहेत, काल आपणच बोलावलेत!"

आणि आ-हाय भ्याला. नटाला भ्याला, घाटाला भ्याला, पण त्या घटकेला तो त्या हाकेला जास्त भ्याला. त्याच्या डोळ्यांपुढे भाऊ आला, कमरेएवढ्या पाण्यात, हाकेला वळून बघणारा. "एऽऽ!" तो ओरडला. "एऽऽ! अगंऽऽ!" असल्या हाकेला कोण वळतं? चार माणसं वळली, एक कुत्रं वळलं. पेइ-त्सेनने अर्धवट मान वळवली, बाप हात हलवतोय एवढं पाहिलं, स्वतःचा हात उंच केला, आणि दिवा हिरवा झाला.

तो फोनकडे धावला. गाडी नावावर केल्याच्या कागदावर आ-थ्यामचा नंबर होता. पहिल्यांदा चुकीचा लागला. दुसऱ्यांदा घंटा वाजत राहिली, वाजत राहिली.

"कोण?"

"मी फांगल्याओचा गॅरेजवाला. माझी मुलगी येतेय तुमच्या गाडीवर. फाट्यावर थांबवा तिला. मागच्या ब्रेकचा नट सैल आहे. घाट चढू देऊ नका!"

"सैल?" आ-थ्यामने जांभई दिली. "माझा खिळा होता की तिथे."

"काढला मी! थांबवा तिला, पाया पडतो!"

"बरं, बघतो," आ-थ्याम म्हणाला आणि फोन ठेवला.

बघतो! साबणाने टाकी बुजवणारा माणूस म्हणतो, बघतो! आ-हायने दुरुस्तीला आलेली एक स्कूटर ओढली आणि पिन तशीच मुठीत धरून निघाला. पन्नास सीसीची स्कूटर, ती किती धावणार? डावीकडे डोंगर, उजवीकडे समुद्र, आणि समोर नुसता रस्ता. प्रत्येक थरथरीला एकेक आटा सुटत असेल, हे त्याला कळत होतं. तो आटे मोजू लागला. त्या नटाला सात आटे. पहिला पूल आला, एक गेला. खडबडीत पट्टा आला, दोन गेले. तिसऱ्या गावाच्या कमानीजवळ त्याने मोजणं सोडून दिलं, कारण नट केव्हाच पडला असणार.

किती नावं ठेवली होती त्या आ-थ्यामला! दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसलं, आणि स्वतःचं मुसळ शेंगदाण्याच्या ताटलीत ठेवून त्याने त्याला नमस्कार केला. गंजका खिळा तीन वर्षं जागेवर होता. त्या निष्काळजी माणसाने निदान भोक रिकामं ठेवलं नव्हतं.

रस्त्याकडेला जागोजाग कालच्या जाळलेल्या नोटांचे काळे ढीग होते. वाऱ्याने राख उठायची आणि स्कूटरच्या बरोबरीने थोडा वेळ धावायची. आ-हाय तिकडे बघत नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्या पाठी तर अख्खा सातवा महिना लागला होता. "ती पिन माझी आहे," तो मोठ्याने म्हणत होता. "चुकून ठेवली. वाढली नव्हती. चुकून ठेवली."

फाट्याचं वळण आलं.

रस्ताभर कांदे पसरले होते. कांद्यांची हातगाडी आडवी पडली होती. पलीकडे मोटारसायकल कुशीवर पडलेली, मागचं चाक वर. आणि रस्त्याच्या मधोमध, डांबरावर, एकच चप्पल होती.

आ-हायला स्कूटर उभी करता आली नाही. ती त्याने तशीच सोडून दिली आणि तो कांद्यांवरून घसरत धावला.

"ओ मिस्त्री! कांदे तुडवू नका!"

आ-थ्याम एका पायात चप्पल घालून टपरीशी उभा होता. त्याच्या मागे उलट्या खोक्यावर पेइ-त्सेन बसली होती. कोपर सोललेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली, आणि हातात अर्धं खाल्लेलं खारं अंडं.

आ-हाय तिथेच रस्त्यात बसला.

"चप्पल माझी आहे," आ-थ्यामने येऊन ती उचलली. "पळताना सुटली. काय सांगू, हात हलवतोय, हलवतोय, ही थांबेचना. वाटलं असेल कांदेवाला आहे. गाडी आडवी ढकलली, तर ही बाजूने काढायला बघते! मग म्हटलं, नाव घ्यावं. कागदावर होतं ना नाव. च्वांग पेइ-त्सेन! च्वांग पेइ-त्सेन! घसा फाटेस्तोवर. तेव्हा वळली आणि ब्रेक दाबला. चाक जाम. पडली, पण हळू होती म्हणून कांद्यांत पडली."

आ-हाय रांगत मोटारसायकलपाशी गेला. दांडा लोंबत होता. नट नव्हता. बोल्टाच्या टोकाला पिनेचं भोक तेवढं होतं, रिकामं, आणि त्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. त्याने मूठ उघडली. पिनेने तळहातावर खोल वळ उठवला होता.

"घाला आता पिन," आ-थ्याम म्हणाला.

"नटच नाही तर पिन कशात घालू?" एवढं बोलून तो रडायला लागला. मग भानावर येऊन त्याने विचारलं, "तुम्ही तिचं नाव घेतलंत? पूर्ण? सातव्या महिन्यात, भर रस्त्यात?"

"घेतलं. नाव हाक मारायलाच ठेवलेलं असतं, मिस्त्री." आ-थ्याम कांदे गोळा करायला वाकला. "काय बिघडतंय?"

पेइ-त्सेन जवळ येऊन बापाशेजारी बसली.

"मी पाहिलं होतं तुम्हाला सिग्नलला," ती म्हणाली. "मला वाटलं, टाटा करताय."

"मला माहीत होतं तेव्हाच. पिन सापडली होती." त्याने मान वर केली नाही. "तुझं नाव तोंडापर्यंत आलं होतं, पोरी. मी घेतलं नाही. भ्यालो."

मग उरलेलं अंडं तिने त्याच्या हातात दिलं. त्याने ते खाल्लं, कारण नाही म्हणायचं बळ नव्हतं.

पावणेनऊला घाटाकडे जाणारी बस आली. तिला दवाखान्यात हजर व्हायचंच होतं. बॅग घेऊन ती चढली, आणि आत गर्दीत दिसेनाशी झाली. दार लागलं. बस कांद्यांमधून वाट काढत हळूहळू घाटाकडे वळली.

आ-हाय उभा राहिला. काही विसरलं नव्हतं, काही सांगायचं राहिलं नव्हतं. पण बस वळणाआड जायला लागली तशी त्याने छाती भरून घेतली.

"च्वांग पेइ-त्सेऽऽन!"

मागची खिडकी सरकली आणि तिचं डोकं बाहेर आलं. ती वळून बघत होती. एवढंच त्याला पाहायचं होतं. बस वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडेच बघत राहिला. त्याच्या पाठीमागे समुद्र होता. त्या हाकेला आणखी कोण वळलं, ते बघायला त्याने मान फिरवली नाही.